तोंडावर बोट

पहिलीच्या वर्गात गमभनच्याही आधी एक धडा होतो. बाई म्हणतात, ‘हाताची घडी’, आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडतो, ‘तोंडावर बोट!’ गप्प बसण्याची आज्ञाही आपल्याकडे ओरडूनच पाळली जाते, हा त्यातला विनोद बाजूला ठेवू. जिल्हा परिषदेची शाळा असो की शहरातली भरभक्कम फीची, ज्या वर्गातून आवाज येत नाही तो वर्ग चांगला, ज्या मुलाचा आवाज येत नाही ते मूल शहाणं, हा हिशेब दोन्हीकडे सारखाच आहे. बडबडं मूल पालकसभेत तक्रारीचा विषय होतं. वर्षभर एक वाक्यही न बोललेलं मूल ‘काही त्रास नाही हो तिचा’ या शेऱ्यावर पुढच्या वर्गात जातं. या लेखाचं म्हणणं असं की हा हिशेब मुळातच उलटा आहे. पाच ते आठ या वयात बोलणं हाच अभ्यासाचा सगळ्यांत मोठा भाग असतो. तो आपण वर्गाबाहेर काढला आहे, आणि तिसरी-चौथीत ‘मुलांना वाचता येत नाही’ म्हणून जी ओरड होते तिच्या मुळाशी ही गोष्ट बऱ्याच अंशी आहे.

आधी मूल शाळेत काय घेऊन येतं ते जवळून पाहू. सहा वर्षांची एखादी मुलगी सहज म्हणून जाते, ‘आजीनं दिलेला लाडू मी खाल्ला म्हणून दादा रडला.’ या वाक्यात तिनं काय काय केलं आहे? ‘आजी’ला ‘नं’ लावला, पण ‘मी’ला काहीच लावलं नाही, कारण मराठीत ‘मी’ला तो लागत नाही. बोलणारी मुलगी असूनही ती ‘खाल्ला’ म्हणाली, कारण इथे क्रियापद खाणारीकडे न पाहता लाडवाकडे पाहतं. करंजी असती तर ‘खाल्ली’ आलं असतं, शंकरपाळं असतं तर ‘खाल्लं’. ‘रडला’ मात्र दादाकडेच पाहतो. ‘आजीनं लाडू दिला’ हे अख्खं वाक्य तिनं ‘आजीनं दिलेला’ या दोन शब्दांत दुमडून लाडवाच्या आधी बसवलं, आणि शेवटी दोन घटनांमधलं कारण ‘म्हणून’ने बांधलं. हायस्कुलात यातल्या निम्म्या गोष्टींना कर्मणी प्रयोग, धातुसाधित, संयुक्त वाक्य अशी नावं मिळतात आणि तिथे याच मुलीचे गुण जातात. तिला हे कोणी शिकवलेलं नसतं. ऐकलेल्या हजारो वाक्यांतून तिनं नियम काढलेले असतात. याचा पुरावा तिच्या चुकांमध्ये सापडतो. ‘बसलं’, ‘हसलं’वरून लहान मुलं ‘करलं’ म्हणतात. घरातलं मोठं माणूस ‘केलं’च म्हणत असतं, म्हणजे ही नक्कल नव्हे.

मग शाळेनं करायचं काय उरतं? पुष्कळ. उच्चारांचा भाग त्यात तुलनेनं छोटा. ‘र’चा ‘ल’ होणं, ‘क’चा ‘त’ होणं बहुतेक मुलांत शाळेच्या वयापर्यंत किंवा त्यानंतर लवकरच सरतं; ‘र’ आणि जोडाक्षरं रेंगाळतात. आपलं लक्ष मात्र सगळं या बोबडेपणाकडे असतं, कारण तो कानाला लगेच कळतो. उच्चार आणि भाषा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वच्छ उच्चारांचं मूल भाषेत मागे असू शकतं, आणि बोबडं मूल लांबलचक गोष्ट रचून सांगू शकतं. या वयातलं खरं काम म्हणजे जोडून बोलणं. घरी ऐकणाऱ्याला दादा कोण आणि लाडू कुठला हे ठाऊक असतं, त्यामुळे अर्धवट वाक्यावरही भागतं. शाळेत बाईंना ते ठाऊक नसतं. जो तिथे नव्हता त्याला घडलेली गोष्ट समजेल अशी सांगायची तर माणसांची ओळख करून द्यावी लागते, क्रम लावावा लागतो. ‘त्यामुळे’, ‘तरीसुद्धा’, ‘नाहीतर’ असे सांधे वापरावे लागतात. पुस्तकातली भाषा नेमकी अशी असते, कारण लिहिणारा आणि वाचणारा समोरासमोर नसतात. न पाहिलेल्याबद्दल बोलायची सवय हीच वाचनाची पूर्वतयारी, आणि ती बोलल्याशिवाय होत नाही.

आता वर्गात प्रत्यक्ष किती बोलायला मिळतं ते पाहा. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ नेड फ्लँडर्स यांनी वर्गांच्या निरीक्षणांतून एक दोन-तृतीयांशाचा ठोकताळा मांडला होता: वर्गातला दोन-तृतीयांश वेळ कोणीतरी बोलत असतं, आणि त्यातला दोन-तृतीयांश शिक्षकांचा असतो. हा ठोकताळा आपल्या पस्तीस मिनिटांच्या तासिकेला लावला तर मुलांच्या वाट्याला पावणेआठ मिनिटं येतात. तीस मुलांत वाटली की प्रत्येकी पंधरा सेकंद. त्या पंधरा सेकंदांतूनही एकसुरी ‘होऽऽ बाई’, बाराखडी आणि कवितेचं सामूहिक पठण वजा करा. जे उरतं त्याचा दर्जा प्रश्नावर अवलंबून असतो. पाठ्यपुस्तकातल्या चित्रावर बोट ठेवून ‘हे काय आहे?’ विचारलं की उत्तर येतं, ‘गाय’. ‘कुठे आहे?’ ‘पाण्यात.’ ‘शाब्बास, बस खाली.’ याला आपण चित्रवाचन म्हणतो. त्याच चित्रावर ‘गाय पाण्यात का उतरली असेल?’ असं विचारून थांबलं, तर गोचीड, ऊन, आमची गाय आणि तिला बाहेर काढताना बाबांची झालेली फजिती असं सगळं येऊ शकतं. पण थांबावं लागतं. मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात वर्गातल्या संवादांची ध्वनिमुद्रणं तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात आणि मग दुसऱ्या मुलाकडे वळतात किंवा स्वतःच उत्तर देतात, असं दिसलं. तीन सेकंद थांबायला लागल्यावर उत्तरं कितीतरी लांबली, ‘मला वाटतं’ म्हणणारी मुलं वाढली आणि एरवी गप्प असणारीही बोलली. दोन जादा सेकंदांना ना अनुदान लागतं, ना शासननिर्णय.

बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज यांनी १९८४ साली प्रसिद्ध केलेला लंडनमधला अभ्यास इथे फार बोलका आहे. चार वर्षांच्या तीस मुलींचं बोलणं त्यांनी घरी आणि बालवाडीत ध्वनिमुद्रित केलं. घरी या मुली आईला तासाला सरासरी सव्वीस प्रश्न विचारत होत्या. बालवाडीत बाईंना तासाला दोन. कामगारवर्गातल्या मुलींबद्दल शिक्षिकांचं मत होतं की त्यांना बोलायला कमी येतं. घरच्या टेपवर त्याच मुली वाद घालत होत्या, आधीचा मुद्दा धरून पुढचा प्रश्न विचारत होत्या. म्हणजे शाळेत मूल जेवढं बोलताना दिसतं तेवढीच त्याची भाषा, हे आपलं गृहीतच तपासायला हवं.

यावर पहिला आक्षेप असा येतो की बोलणं वेगळं आणि वाचणं वेगळं. मराठी तर जशी लिहिली तशी वाचायची, अक्षरं पक्की झाली की झालं. आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धंच. गॉफ आणि टनमर यांनी १९८६ साली वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं: वाचन म्हणजे अक्षरं उलगडण्याची क्षमता गुणिले भाषा समजण्याची क्षमता. बेरीज नव्हे, गुणाकार. दोहोंपैकी एक शून्य असेल तर दुसरी कितीही असो, उत्तर शून्यच. मराठीत पहिल्या भागाचं ओझंही हलकं नाही. बाराखडीचा विचार केला तरी चारशेच्या वर अक्षरचिन्हं होतात, जोडाक्षरं वेगळीच. सोनाली नाग यांनी बंगळुरूमध्ये कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला, त्यात अक्षरांचा हा सगळा संच हाताखाली यायला चौथीपर्यंतचा काळ लागताना दिसला. म्हणजे ‘आधी अक्षरं पक्की, मग अर्थ’ असं ठरवलं तर अर्थाची पाळी येईपर्यंत प्राथमिक शाळा संपत येते. २०११ ते २०१६ या काळात शैलजा मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पालघरमधल्या वाडा तालुक्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये पहिली ते तिसरीच्या मुलांचा पाठपुरावा केला. वर्गांमध्ये त्यांना मुख्यतः मुळाक्षरं, गिरवणं, फळ्यावरून उतरवणं दिसलं. अर्थ लावणं, चर्चा करणं पुढे ढकललेलं होतं, आणि तिसरी संपतानाही बऱ्याच मुलांना समजून वाचणं जड जात होतं. ‘असर’च्या २०२४च्या पाहणीत देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकणारी २३.४ टक्के होती. २०२२मध्ये हा आकडा १६.३ टक्के होता, म्हणजे सुधारणा झाली हे मान्य. पण चारातली तीन मुलं अजून अलीकडच्या काठावरच आहेत. आणि ही परीक्षा उतारा मोठ्यानं वाचण्याची आहे, समजण्याची नव्हे.

दुसरा आक्षेप शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर येतो: ‘या मुलांच्या घरी कोणी बोलतच नाही त्यांच्याशी.’ ‘या मुलांच्या’ म्हणजे कोणाच्या हे सांगावं लागत नाही. या समजुतीला एका प्रसिद्ध अभ्यासाचा आधार दिला जातो. हार्ट आणि रिस्ली यांनी १९९५ साली अमेरिकेतल्या बेचाळीस कुटुंबांच्या निरीक्षणांवरून असा अंदाज बांधला की चौथ्या वर्षापर्यंत गरीब घरातल्या मुलाच्या कानावर सुखवस्तू घरातल्या मुलापेक्षा तीन कोटी शब्द कमी पडतात. आकडा जगभर गाजला. तो महिन्यातून एका तासाच्या नोंदींवरून काढलेला होता, सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबं त्यात फक्त सहा होती, आणि मोजलं ते मुख्यतः पालकानं थेट मुलाला उद्देशून बोललेलं. स्पेरी आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये घरातल्या इतर माणसांचं, आजूबाजूचं बोलणंही धरलं, तेव्हा सरसकट दरी दिसेना. काही गरीब वस्त्यांमधल्या मुलांच्या कानावर भरपूर शब्द पडत होते. आजी, काकू, शेजारीपाजारी, ओट्यावरच्या गप्पा असलेल्या आपल्या घरांना तर आईबापापुरती मोजपट्टी मुळातच अपुरी आहे. अर्थात घराघरांत फरक नसतो असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. पहाटे वीटभट्टीवर किंवा उसाच्या फडात जाणाऱ्या आईकडे गोष्ट वाचून दाखवायला वेळ नसतो, घरात पुस्तक नसतं. पण तसं असेल तर अशा मुलाला शाळेत जास्त बोलायला मिळायला हवं. ‘घरी कोणी बोलत नाही’ म्हणायचं आणि शाळेतही गप्प बसवायचं, या युक्तिवादाचे दोन पाय दोन दिशांना जातात.

विल्यम लबॉव्ह या भाषावैज्ञानिकाने १९६९ साली सांगितलेला एक प्रयोग या संदर्भात पुन्हा वाचण्यासारखा आहे. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या आठ वर्षांच्या एका मुलाला त्याच वस्तीतला, त्याच वर्णाचा मुलाखतकार प्रश्न विचारत होता. मुलगा ‘हं’, ‘नाही’च्या पुढे जाईना. या मुलाला भाषाच नाही असं कोणीही म्हटलं असतं. पुढच्या खेपेला मुलाखतकार बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट घेऊन आला, मुलाच्या जिवलग मित्राला त्यानं सोबत बसवलं, स्वतः जमिनीवर बैठक मारली आणि मोठ्यांसमोर काढायचे नसतात असे शब्द आधी आपणच काढले. तोच मुलगा आता मित्राचं वाक्य तोडत बोलायला लागला. तेवढ्यात त्याची भाषा बदललेली नव्हती. बदललं होतं ते बोलण्याचं निमित्त आणि ऐकणाऱ्याची उंची.

आपल्याकडे या मौनाला आणखी एक कारण आहे. खानदेशातलं मूल ‘मना भाऊ’ म्हणतं, कोकणातलं ‘खंय’ विचारतं, वऱ्हाडातलं ‘काय करून राहिला’ म्हणतं, आणि तिन्ही ठिकाणी वर्ग हसतो किंवा बाई दुरुस्ती करतात. चार वेळा दुरुस्ती झाली की मूल गणित मांडतं: बोललं तर चूक निघते, गप्प राहिलं तर काही होत नाही. हे बोलींचं झालं. मेळघाटातल्या कोरकू मुलाचं घरचं बोलणं मराठीच्या कुळातलंसुद्धा नाही. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा. या मुलाला पहिल्या दिवशी जे ऐकू येतं ते त्याच्या दृष्टीने परभाषेतलं आवाजांचं जाळं असतं, आणि त्याच परभाषेत त्यानं त्याच दिवसापासून अक्षरं शिकायची असतात. इथे आक्षेप येतो की मग प्रमाणभाषा शिकवायचीच नाही का? उलट, बोलीत अडकवून ठेवणं हा अन्यायच होईल. अर्ज, परीक्षा, न्यायालय, वर्तमानपत्र सगळं प्रमाणभाषेत आहे. प्रश्न क्रमाचा आहे. ‘मना भाऊ पडना’ म्हणून आलेल्या मुलाला ‘अरे बापरे, तुझा भाऊ पडला? कुठे पडला?’ असं विचारलं की प्रमाण रूप त्याच्या कानावर पडतं आणि गोष्टही पुढे सरकते. ‘मना नाही, माझा म्हण’ म्हटलं की गोष्ट तिथेच मरते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९४५नंतर बोर्डीला आणि पुढे कोसबाडला वारली मुलांसाठी शाळा उभी करत होत्या, तेव्हा मुलं शाळेत येत नाहीत म्हटल्यावर त्यांनी शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली, गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणात नेली. मुलाच्या जगातून सुरुवात करायची ही रीत महाराष्ट्राला नवी नाही. २०२५च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय निघाला आणि जूनअखेरीस मागे घेतला गेला. त्या दोन-अडीच महिन्यांत पहिलीत किती भाषा असाव्यात यावर सभा झाल्या, मोर्चाची हाक दिली गेली. आहे त्या एका भाषेत तरी मुलाला दिवसाला किती मिनिटं बोलायला मिळतं, हा प्रश्न मात्र फारसा ऐकू आला नाही.

शिक्षकांचा आक्षेप सगळ्यांत गंभीरपणे घ्यायला हवा, कारण राबायचं त्यांना असतं. पट मोठा, शेजारच्या वर्गाला गोंगाटाचा त्रास, द्विशिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन-दोन इयत्ता, वर ऑनलाइन माहिती भरायची. तीस मुलांना बोलू द्यायचं तर अभ्यासक्रम कधी संपणार? याला उत्तर तासिकेच्या त्याच हिशेबात आहे. एकेका मुलाला उभं करून बोलायला लावलं तर पंधरा सेकंदच मिळतात. दोघादोघांच्या जोड्या करून ‘काल संध्याकाळी काय झालं ते एकमेकांना सांगा’ म्हटलं, तर पाच मिनिटांत प्रत्येकाला अडीच मिनिटं मिळतात, दहापट. आवाज होतो, पण तो कामाचा असतो. एकाच खोलीत दोन इयत्ता असल्या तर जोडी लावणं आणखी सोपं. मोठ्यानं लहानाला गोष्ट सांगायची. आणि हे वेळ वाया घालवणं नाही याचा पुरावा आहे. व्हाइटहर्स्ट यांच्या १९८८च्या प्रयोगात आईबापांना पुस्तक वाचून दाखवताना नुसतं वाचण्याऐवजी मोकळे प्रश्न विचारायला आणि मुलाचं वाक्य वाढवून परत द्यायला शिकवलं. चार आठवड्यांत ती मुलं बोलण्याच्या चाचण्यांत इतरांच्या कित्येक महिने पुढे गेली. ती सुशिक्षित मध्यमवर्गीय घरं होती, हे खरं. पण इंग्लंडमध्ये १९३ शाळांत चार-पाच वर्षांच्या मुलांवर झालेल्या मोठ्या चाचणीत तज्ज्ञ नव्हे, तर प्रशिक्षण दिलेले वर्गमदतनीस वीस आठवडे लहान गटांत शब्द, गोष्टी, ऐकणं यांचं काम घेत होते, आणि त्या मुलांची भाषा सुमारे तीन महिन्यांनी जास्त पुढे गेली. तीन महिने म्हणजे चमत्कार नव्हे. चमत्काराचा दावा करणाऱ्या योजनांपेक्षा तो मला जास्त विश्वासार्ह वाटतो.

अडचण शिक्षकांच्या इच्छेपेक्षा तपासणीत आहे. केंद्रप्रमुख शाळाभेटीला आले की वह्या पाहतात. वहीत तारीख आहे का, लाल शाईची सही आहे का, पान भरलं आहे का. बोलण्याची वही नसते. अर्धा तास उत्तम चर्चा झालेल्या वर्गाची वही कोरी असते, आणि फळ्यावरून दहा ओळी न समजता उतरवलेल्या वर्गाची भरलेली. पालकही संध्याकाळी ‘आज काय लिहिलं?’ विचारतात. २०२२च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात मौखिक भाषा हा भाषाशिक्षणाच्या चार भागांपैकी पहिला भाग आहे. ‘निपुण भारत’च्या उद्दिष्टांतही ती आहे. कागदावर भांडण उरलेलंच नाही. शाळाभेटीत वह्यांचा गठ्ठा उघडण्याआधी दोन मुलांना बोलावून ‘काल ऐकलेली गोष्ट सांग बरं’ एवढं विचारलं गेलं, तर वर्षभरात वर्गांचा नूर बदलेल, असा माझा अंदाज आहे. कारण जे तपासलं जातं ते शिकवलं जातं, हे आपल्या व्यवस्थेचं सगळ्यांत जुनं सूत्र.

इंग्रजी माध्यमाबद्दल थोडक्यात. पालक इंग्रजी मागतात ते मूर्खपणानं नव्हे, नोकऱ्यांकडे पाहून. पण ज्या भाषेत मूल ‘म्हणून’ आणि ‘तरीही’ म्हणू शकत नाही, त्या भाषेत त्याला पहिलीत विचार करायला लावलं तर ते पाठांतराकडेच वळणार, आणि वर्ग आणखी गप्प होणार. जिम कमिन्स यांच्या मांडणीनुसार नव्या भाषेत रोजचं बोलणं साधारण दोन वर्षांत जमतं, अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. इंग्रजी उत्तम यावी असं वाटणाऱ्यानंही आधीच्या भाषेचा पाया पक्का होऊ देण्यातच शहाणपण आहे.

शेवटी त्या मुलांबद्दल ज्यांचं मौन खरोखर दुखण्याचं लक्षण असतं. अमेरिकेतल्या (१९९७) आणि इंग्लंडमधल्या (२०१६) मोठ्या पाहण्यांमध्ये शाळेत नव्यानं आलेल्या मुलांपैकी सुमारे साडेसात टक्के मुलांत, बुद्धीचा किंवा कानाचा ठळक दोष नसताना, भाषाच शिकण्याची अडचण आढळली. त्याला आता डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर म्हणतात. तीसच्या वर्गात अशी दोन मुलं असू शकतात. ती सहसा ‘ढ’ किंवा ‘आळशी’ या नावाखाली जमा होतात, कारण त्यांचे उच्चार बरे असतात आणि ती कोणाला त्रास देत नाहीत. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत वाचा आणि भाषेचं दिव्यांगत्व आहे, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळेत येतात, मुंबईत वांद्र्याला वाक् व श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे. पण तिथवर मुलाला पोचवणारी पहिली नजर वर्गशिक्षिकेचीच असते. दोन सूचना एकत्र दिल्यावर दुसरी कायम हरवणारं, गोष्टीत कोण कोणाला म्हणालं याचा घोळ घालणारं, वर्ष उलटलं तरी दोन-तीन शब्दांच्या वाक्यांवर अडलेलं मूल तिला ओळखता यायचं तर ते मूल तिच्यासमोर बोललेलं असायला हवं. त्यानंतरचा क्रम साधा आहे. आधी कान तपासून घ्यायचे, कारण वाहणाऱ्या कानानं ऐकू कमी येणं लहान वयात नेहमीचं आहे. मग आईला विचारायचं की घरी, घरच्या भाषेत, भावंडांत हे मूल कसं बोलतं. तिथे ते घडाघडा बोलत असेल तर त्याला दोष नाही, शाळेची भाषा फक्त नवी आहे, आणि त्याला वेळ व बोलायची संधी लागेल. घरीही ते शब्द शोधत असेल, धाकट्या भावाच्या मागे पडत असेल, तर स्पीच थेरपिस्टकडे पाठवायचं, आणि ते पहिलीतच. तिसरीच्या परीक्षेची वाट पाहायची नाही.